हक्कसोडपत्रावर सही केली होती, आता नवरा नाही. घरात माझं काही उरतं का?

ओसरी | ८ जानेवारी, रात्री ११:४०

इथे बरीच वर्षं वाचते आहे, लिहिते आहे पहिल्यांदाच. मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

चिंचवडला आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. २००९ मध्ये घेतला तेव्हा दोघांच्या नावावर होता. सुरुवातीची रक्कम भरताना माझ्या पाटल्या आणि आईने दिलेला गोफ मोडला होता, हप्ते ह्यांच्या पगारातून जायचे. २०१७ मध्ये ह्यांनी नोकरी सोडून वर्कशॉप टाकलं. कर्ज करून देणारा एजंट म्हणाला, घर एकाच्याच नावावर असेल तर काम लवकर होईल. म्हणून मी ह्यांच्या नावे हक्कसोडपत्र करून दिलं. नोंदणी कार्यालयात फोटो, अंगठा, सही, सगळं वीस मिनिटांत उरकलं. दस्त मी वाचला नाही. ह्यांच्यावर विश्वास होता, आणि तो चुकीचा नव्हता हे आजही म्हणेन.

नोव्हेंबरात हे गेले. झोपेतच. वय ४८. मृत्युपत्र केलेलं नाही. मुलगी सतरा वर्षांची, बारावीला आहे. मुलगा बारा वर्षांचा. सासूबाई कराडजवळ गावी धाकट्या दिरांकडे असतात. सोसायटीत नॉमिनी म्हणून सासूबाईंचं नाव आहे, २००९ सालीच दिलेलं.

परवा दीर आले ते ५०० च्या स्टॅम्पपेपरवर मजकूर टाइप करूनच. मी २०१७ मध्ये हक्क सोडलेला असल्यामुळे या मिळकतीत माझा व माझ्या मुलांचा काही संबंध राहिलेला नाही, फ्लॅट सासूबाईंच्या नावे करायला माझी हरकत नाही, असा. म्हणाले, "वहिनी, तुम्ही तर आधीच सोडलंय, ही नुसती कागदाची पूर्तता. राहायला तुम्हाला कोण नको म्हणतंय?"

मी सही केली नाही, डोकं दुखतंय म्हणून टाळलं. रविवारी ते परत येणार आहेत. २०१७ ला सोडलं ते सोडलंच का? कुणाला खात्रीचं माहीत असेल तर सांगा.

मोरपीस | ८ जानेवारी, रात्री ११:५२

सही करू नका. बाकी सगळं सावकाश बोलू. जेवलात का आज?

भीमाकाठ | ९ जानेवारी, सकाळी ७:१५

ताई, मनाला लागेल पण खरं ते सांगतो. रजिस्टर दस्ताने हक्क सुटला की सुटला. त्यात नॉमिनी सासूबाई. सोसायटी नॉमिनीच्याच नावावर शेअर सर्टिफिकेट करून देते, आमच्या काकांच्या वेळी असंच झालं. दिरांशी वाईटपणा न घेता राहण्याचं तेवढं लिहून घ्या.

बाररूम | ९ जानेवारी, सकाळी १०:०५

पुण्यात दिवाणी वकिली करतो. भीमाकाठ यांनी आपुलकीने लिहिलं आहे, पण दोन्ही मुद्दे चुकीचे आहेत, आणि असल्या चुकीपायी बायका घरं सोडून जाताना मी पाहिल्या आहेत. म्हणून सविस्तर लिहितो.

हक्कसोडपत्राने सुटतो तो सही केली त्या दिवशी तुमच्याकडे असलेला हक्क. ओसरीताई, २०१७ मध्ये तुमच्याकडे निम्मा फ्लॅट होता. तो निम्मा तुम्ही यजमानांना दिला आणि ते पूर्ण फ्लॅटचे मालक झाले. दस्ताचं काम तिथे संपलं.

नोव्हेंबरात ते गेले तेव्हा पूर्ण फ्लॅट त्यांच्या मालकीचा होता. मृत्युपत्र नाही, म्हणून हिंदू वारसा कायदा १९५६ चं कलम ८ लागतं. पहिल्या वर्गाच्या वारसांत विधवा, मुलगा, मुलगी आणि आई एका ओळीत उभे असतात, कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही. म्हणजे तुम्ही, मुलगी, मुलगा, सासूबाई, प्रत्येकी एक चतुर्थांश. हा तुमचा हक्क नवा आहे. तो २०१७ मध्ये जन्मालाच आला नव्हता, मग सोडणार कुठून?

दीर यात कुठेच नाहीत. भाऊ दुसऱ्या वर्गात येतो, आणि पहिल्या वर्गातलं एकही माणूस असेल तर दुसऱ्या वर्गाला काही मिळत नाही.

२०१७ च्या सहीने तुमचं नुकसान झालंच नाही असं मात्र नाही. ती नसती तर निम्मा फ्लॅट तुमचा स्वतःचा, आणि यजमानांच्या निम्म्यातला चौथा भाग वारसाने, म्हणजे आठपैकी पाच हिस्से तुमचे असते. आज आठपैकी दोन आहेत. तीन हिस्से त्या वीस मिनिटांत गेले. तो दस्त आता रद्द करून मागायचा तर फसवणूक किंवा दडपण सिद्ध करावं लागेल, आणि मुदत ते समजल्यापासून तीन वर्षांची. यजमानांनी फसवलं असं तुम्हीच म्हणत नाही, त्यामुळे त्या वाटेला जाऊ नका. पण आहे ते दोन हिस्से कुणी "नुसती पूर्तता" म्हणून काढून घेऊ नयेत.

आता तो नवा कागद. त्यात "माझ्या मुलांचा" असा शब्द आहे. मुलं अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालची, आहेत. अज्ञानाचा स्थावरातला हिस्सा जिल्हा न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय आईलाही सोडता येत नाही, हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६, कलम ८. तुम्ही सही केलीत तरी मुलांच्या बाबतीत ती टिकणारी नाही. तुमच्या स्वतःच्या बाबतीत साध्या स्टॅम्पपेपरवरची ना-हरकत हक्क हस्तांतरित करत नाही, त्याला नोंदणी लागते. पण उद्या कोर्टात तोच कागद तुमच्या तोंडावर धरतील. तेव्हा मोरपीस म्हणाल्या तेच, सही नाही.

भीमाकाठ | ९ जानेवारी, सकाळी १०:४०

बाररूम, धन्यवाद. मग आमच्या काकूंच्या वेळी सोसायटीने नॉमिनीला फ्लॅट दिला तो कसा?

गच्ची | ९ जानेवारी, दुपारी १:२०

याचं उत्तर मी देते, आमच्या सोसायटीची नऊ वर्षं सेक्रेटरी आहे. पूर्वी आम्हीही तसंच करायचो. नॉमिनीचा अर्ज आला की ठराव करून नाव चढवायचं, वारसांचं ते बघून घेतील. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ च्या दुरुस्तीने गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण आलं. त्यातलं कलम १५४ब-१३ सांगतं की सभासद वारल्यावर हिस्सा हस्तांतरित करायचा तो मृत्युपत्र, उत्तराधिकार प्रमाणपत्र, वारस दाखला किंवा कायदेशीर वारसांनी मिळून केलेली कौटुंबिक व्यवस्था यांच्या आधारे. तोपर्यंत नॉमिनी हा तात्पुरता सभासद. नॉमिनी म्हणजे राखणदार. कंपनीच्या शेअर्सच्या नॉमिनीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच म्हटलं, नामनिर्देशनाने वारसा बदलत नाही.

ओसरी, उद्याच सोसायटीला एक पत्र द्या. मी पत्नी, ही दोन मुलं, आम्ही कायदेशीर वारस आहोत, आमच्या लेखी संमतीशिवाय किंवा न्यायालयाच्या दाखल्याशिवाय कोणतंही हस्तांतरण करू नये. दोन प्रती काढा, एकीवर पोच घ्या, शिक्का आणि तारखेसह. तोंडी सांगून येऊ नका. कमिटीतली माणसं ओळखीची असतात आणि तिथेच घोळ होतो.

ओसरी | ९ जानेवारी, रात्री १०:३०

सगळ्यांचे आभार. आज दस्ताची झेरॉक्स शोधली, ह्यांच्या कपाटात मिळाली. त्यात एक ओळ आहे, "लिहून देणार या सदर मिळकतीवर आज रोजी अगर भविष्यात, स्वतः अगर वारस म्हणून, कोणत्याही प्रकारे हक्क सांगणार नाहीत." "वारस म्हणून" वाचल्यावर हातपाय गार पडले. बाररूम, याने सगळं बदलतं का?

बाररूम | ९ जानेवारी, रात्री ११:१०

बदलत नाही. शांत झोपा.

मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम ६, खंड क. कुणी मेल्यावर आपल्याला काही मिळेल ही नुसती आशा असते, आणि आशा विकता येत नाही, देता येत नाही, सोडताही येत नाही. जिवंत माणसाला वारस नसतो. हे वाक्य लेखनिकाच्या तयार नमुन्यात असतं, नाव बदलून सगळ्यांना तेच छापून देतात.

सावध करणारी एकच गोष्ट. भविष्यातला वारसा सोडतो म्हणून कुणी मोबदला घेतला असेल, तर पुढे त्याला "मला हिस्सा द्या" म्हणता येत नाही, कारण आपल्याच वागण्याने तो बांधला जातो. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशाच एका मुलाच्या हक्कसोडपत्राबाबत ते म्हटलं आहे. तुमच्या दस्तात मोबदल्याचा रकाना काय म्हणतो?

ओसरी | ९ जानेवारी, रात्री ११:१८

"विनामोबदला, प्रेमापोटी." स्टॅम्प २०० रुपयांचा.

बाररूम | ९ जानेवारी, रात्री ११:३५

मग प्रश्नच नाही.

स्टॅम्पवरून इतरांसाठी लिहितो, कारण ही चूक सर्रास होते. हक्कसोडपत्राला असलेली नाममात्र मुद्रांकाची सवलत, आधी २०० रुपये, ऑक्टोबर २०२४ पासून ५००, ही वडिलोपार्जित मिळकतीसाठी आणि ठरावीक नात्यांपुरती आहे. नवरा-बायकोने मिळून विकत घेतलेला फ्लॅट वडिलोपार्जित नसतो. त्यावर खरेदीखताच्या दराने मुद्रांक लागू शकतो. राहतं घर जोडीदाराला द्यायचंच असेल तर बक्षीसपत्राला वेगळी सवलत आहे, ती तपासा. मुद्रांक कमी पडल्याने दस्त रद्द होत नाही, पण पुराव्यात दाखल करताना फरक आणि दंड भरावा लागतो.

आजोळ | १० जानेवारी, सकाळी ६:०५

कॅलिफोर्नियातून लिहिते. ओसरी, तुमचं वाचून इथली एक मैत्रीण डोळ्यासमोर आली. इथे या कागदाला क्विटक्लेम डीड म्हणतात. "या घरात माझा जो काही हक्क असेल तो सोडला," एवढंच. हक्क आहे की नाही, किती आहे, याची हमी लिहून देणारा देत नाही. घराचं कर्ज नव्याने बांधताना ज्याचा क्रेडिट स्कोअर कमी त्याला असा कागद करून डीडवरून उतरवतात. बहुतेकदा ती बायको असते, नवऱ्यामागे मिळालेल्या एच-फोर व्हिसावर वर्षानुवर्षं घरी बसलेली, स्वतःचं उत्पन्न नसलेली.

या राज्यात लग्नानंतर कमावलेलं दोघांचं समाईक धरतात. नवरा मृत्युपत्राविना गेला तर ते समाईक सगळं बायकोकडे येतं. पण क्विटक्लेममुळे घर त्याची स्वतंत्र मालमत्ता ठरलं तर बायकोला एक मूल असल्यास अर्धं, दोन किंवा अधिक मुलं असल्यास फक्त एक तृतीयांश. म्हणजे इथेही वारसा संपत नाही, हिस्सा मात्र बारीक होतो. माझ्या मैत्रिणीला दोन मुलं. इथलं कोर्ट नवरा-बायकोतल्या अशा व्यवहाराकडे संशयाने बघतं, ज्याचा फायदा झाला त्यानेच दडपण नव्हतं हे दाखवावं लागतं. ती त्या आधारावर भांडते आहे.

एक मला कळत नाही. न्यू जर्सीसारख्या राज्यांत नवऱ्याने मृत्युपत्रात बायकोचं नाव गाळलं तरी तिला साधारण एक तृतीयांश मागून घेता येतो. आपल्याकडे तसं काही आहे का?

बाररूम | १० जानेवारी, सकाळी ९:५०

हिंदू कायद्यात तसा राखीव हिस्सा नाही. हिंदू वारसा कायद्याच्या कलम ३० नुसार नवरा स्वतःची सगळी मालमत्ता मृत्युपत्राने कुणालाही देऊ शकतो. विधवेला मग पोटगीचा आणि निवासाचा हक्क तेवढा उरतो. सगळं नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर करून देणं धोक्याचं ते यासाठीच. ओसरीताईंच्या यजमानांनी उलट मृत्युपत्र केलं असतं तर आजचा एक चतुर्थांशही नसता.

मांडवी | १० जानेवारी, सकाळी ११:३०

आमच्या गोव्यात हे चित्र वेगळं आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर दोघांची मालमत्ता समाईक, निम्मी बायकोची. नवरा गेल्यावर ती निम्मी वारशात जातच नाही, ती तिचीच. वाटणी होते ती त्याच्या निम्म्याची, आणि त्यातलाही अर्धा भाग मुलांसाठी राखीव, मृत्युपत्राने हलवता येत नाही. नवऱ्याला जमीन विकायची तर बायकोची सही लागते. जिवंत माणसाचा वारसा सोडून देता येत नाही हे आमच्या कायद्यातही आहे. माझ्या आईने वडिलांच्या पश्चात ना कुणाला विचारलं, ना कुणापुढे हात पसरला. तिची निम्मी तिच्याकडेच होती. मुंबई-पुण्याच्या मैत्रिणींचं ऐकते तेव्हा वाटतं, हे सगळीकडे का नसावं?

पाणपोई | १० जानेवारी, दुपारी १२:१५

आम्ही वसईचे, ख्रिस्ती. आमच्याकडे पण हेच चार सारखे भाग का?

बाररूम | १० जानेवारी, दुपारी २:००

नाही. तुम्हाला भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ लागतो. विधवेला एक तृतीयांश, उरलेलं मुलांना सारखं. मुलं असतील तर मृताच्या आईला हिस्सा नसतो. मी वर लिहिलेलं हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांच्यापुरतं. मुस्लिम कायद्यात मुलं असताना विधवेला एक अष्टमांश.

सह्यकडा | १० जानेवारी, रात्री ८:४५

मी महसूल खात्यातून निवृत्त झालो, अर्धी नोकरी सातारा जिल्ह्यात. सगळे फ्लॅटचंच बोलत आहेत. ओसरीताई, गावाकडे शेती आहे का? सातबारा कुणाच्या नावावर? यजमान गेल्यावर वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे कुणी अर्ज दिला का? धाकटा भाऊ पुण्याच्या फ्लॅटसाठी एवढी घाई करतो तेव्हा मला आधी सातबारा आठवतो.

ओसरी | १० जानेवारी, रात्री ९:३०

सव्वाचार एकर आहे, ऊस. सासरे १९९७ मध्ये वारले. ह्यांचं आणि दिरांचं नाव असल्याचं ह्यांच्याकडून ऐकलं होतं. नणंद नाही, दोघेच भाऊ. वारस नोंदीचं मला काहीच माहीत नाही. शेतीतलं माझं काही असेल हे डोक्यातच आलं नाही.

सह्यकडा | ११ जानेवारी, सकाळी ७:००

येत नाहीच कुणाच्या डोक्यात. पुण्यात राहणाऱ्या सुनेला गावचा सातबारा सहसा कुणी दाखवत नाही.

हे करा. सातबारा ऑनलाइन काढा, गट नंबर दिरांना न विचारता गावच्या पीककर्ज सोसायटीच्या जुन्या पावतीवर किंवा साखर कारखान्याच्या ऊस नोंदीवर मिळेल. मग वारस नोंदीचा अर्ज ई-हक्क प्रणालीवरून किंवा थेट तलाठ्याकडे द्या, आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. मृत्यू दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, आधार. अर्जात वारस म्हणून चौघांची नावं लिहा, सासूबाईंचंही. एकही नाव गाळू नका, गाळलं की तुमचा अर्ज खोटा ठरतो. नोंद धरल्यावर संबंधितांना पंधरा दिवसांची नोटीस निघते, हरकत आली तर मंडळ अधिकारी सुनावणी घेतात. त्यांचा निर्णय पटला नाही तर प्रांतांकडे अपील.

आणि फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावबदलाची नोंद, ही मालकी नव्हे हे मी तीस वर्षं लोकांना सांगत आलो. फेरफार सारा वसुलीसाठी असतो. मालकी ठरवतं दिवाणी न्यायालय. पण नाव नसलेल्या माणसाला पीककर्ज नाही, भूसंपादनाचा मोबदला नाही, आणि गावात कुणी मोजत नाही.

सासऱ्यांच्या वेळचा, १९९७-९८ चा फेरफारही मागा. मला वाटतं त्यात काहीतरी आहे. सासूबाईंचं नाव सातबाऱ्यावर का नाही?

रांगोळी | ११ जानेवारी, सकाळी १०:१०

सह्यकडा यांचा हा शेवटचा प्रश्न वाचून थांबले. लिहू की नको असं करत लिहितेय.

माझ्या आईने बाबा गेल्यावर घरातला स्वतःचा हिस्सा हक्कसोडपत्राने भावाच्या नावे केला. आम्ही दोघी बहिणींनीही केला. "आईला मीच बघणार ना" एवढ्या एका वाक्यावर. दोन वर्षांत आई माझ्याकडे राहायला आली, दोन पिशव्या घेऊन. आम्ही ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांतांकडे अर्ज केला. २००७ च्या त्या कायद्यात कलम २३ आहे, सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळलं नाही तर हस्तांतरण रद्द करता येतं. समोरच्या वकिलाने २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ठेवला, सुदेश छिकारा विरुद्ध रामती देवी. ते प्रकरणही आईने करून दिलेल्या हक्कसोडपत्राचंच. न्यायालय म्हणालं, दस्त सांभाळण्याच्या अटीवर झाला होता हे दिसलं पाहिजे. आईच्या दस्तात "स्वखुशीने, प्रेमापोटी" एवढंच होतं. जानेवारी २०२५ च्या उर्मिला दीक्षित निकालात न्यायालयाने कायद्याच्या हेतूकडे बघून आईच्या बाजूने कौल दिला, पण तिथे मुलाने सांभाळण्याचं लिहून दिलेलं होतं. आमच्याकडे तसा कागद नव्हता.

ओसरी, तुमच्या सासूबाईंना एकदा एकट्यात भेटा. दिरांशिवाय. हा फ्लॅट त्यांना हवाय, की त्यांच्या नावाने दुसऱ्याला हवाय, हे विचारा.

मोरपीस | ११ जानेवारी, सकाळी १०:३०

रांगोळी, तुझ्या आईला नमस्कार सांग. एवढं लिहिलंस.

भीमाकाठ | ११ जानेवारी, दुपारी ४:००

मी आज काकूंना फोन केला. त्यांना एका कागदावर सही करायला लावली होती, कशावर ते त्यांना आठवत नाही. अकरा वर्षं झाली. बाररूम, तुम्हाला वेगळं लिहितो.

ओसरी | १२ जानेवारी, रात्री १०:००

दीर आज आले होते. गच्चींनी सांगितलेलं पत्र मी काल सोसायटीत दिलं, पोच घेतली. दिरांना म्हटलं, सही करणार नाही, मुलांचा हिस्सा सोडायचा मला अधिकारच नाही, कोर्टाची परवानगी लागते. त्यांना हे माहीत नसावं, चेहऱ्यावरून तसं वाटलं. मग म्हणाले, "म्हणजे आईला रस्त्यावर काढणार?" मी म्हटलं, आईंचा चौथा हिस्सा आहे आणि तो मी स्वतः अर्जात लिहिणार आहे. ते चहा न घेता गेले. हात थरथरत होते माझे, पण बोलले.

बाररूम | १२ जानेवारी, रात्री १०:४५

उत्तम बोललात. आता पुढचं काम वारस दाखल्याचं. आपल्याकडे तो मुंबई विनियम ८, सन १८२७ खाली दिवाणी न्यायालयातून मिळतो. अर्ज, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, हरकत नसेल तर काही महिन्यांत दाखला. तलाठ्याचा किंवा नगरसेवकाचा दाखला इथे पुरत नाही. बँकेलाही लेखी कळवा आणि विचारा, कर्जाला विमा जोडलेला होता का. असेल तर कर्ज त्यातून फिटू शकतं, आणि बहुतेक घरांत हे कुणी विचारतच नाही. नसेल तर वारसांची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरतीच, तुमच्या स्वतःच्या पगारावर ती येत नाही, तुम्ही जामीन राहिला नसाल तर.

ओसरी | १४ मार्च, रात्री ९:१५

दोन महिन्यांनी येतेय. मुलीची परीक्षा चालू होती.

विमा होता. कर्जाचा मोठा भाग त्यातून फिटला, विचारलं नसतं तर कळलंही नसतं. वारस दाखल्याचा अर्ज लागला, नोटीस छापून आली. गावच्या वारस नोंदीचा अर्जही दिला, चौघांची नावं घालून. दिरांनी हरकत घेतली आहे, सुनावणी पुढच्या महिन्यात.

सासूबाई मागच्या आठवड्यात इथे आल्या. दिरांच्या मुलाने एसटीत बसवून दिलं, मी स्वारगेटला घ्यायला गेले. मी अर्जात त्यांचं नाव लिहिलं हे त्यांना गावात कुणीतरी सांगितलं होतं. पहिले दोन दिवस काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी भाजी निवडताना म्हणाल्या, "तुझा कागद तू वाचलास म्हणे. माझा पण वाच." पिशवीत रेशनकार्ड आणि पासबुकाखाली घडी घातलेली एक नक्कल होती, १९९८ चा फेरफार.

सह्यकडा, तुमच्यासाठी जसंच्या तसं उतरवते. "मयत खातेदाराची विधवा पत्नी यांनी समक्ष जबाब दिला की, मला जमिनीत हिस्सा नको, माझे नाव कमी करून मुलांची नावे दाखल करावीत. जबाबावरून नोंद केली." दस्त क्रमांक नाही. नोंदणीचा उल्लेख नाही.

सह्यकडा | १४ मार्च, रात्री ९:५०

हेच वाटत होतं. त्या काळात असे शेकडो फेरफार झाले. नुसत्या जबाबावर नाव कमी होऊ शकतं, हक्क जात नाही. शंभर रुपये किंवा त्यावरच्या स्थावरातला हक्क सोडायचा तर नोंदणीकृत दस्त लागतो, नोंदणी कायदा १९०८.

त्यांचा हिस्साही लहान नाही. जमीन सासऱ्यांची स्वतःची असेल तर विधवा आणि दोन मुलगे, तिघांना सारखं, एक तृतीयांश. वडिलोपार्जित असेल तर आधी वाटणी झाली असं धरून नवरा, बायको, दोन मुलगे यांना चौथा-चौथा भाग, मग नवऱ्याच्या चौथ्यातला तिसरा बायकोला. बेरीज पुन्हा एक तृतीयांशच येते. सांगलीच्या कोर्टातून वर गेलेल्या गुरुपाद विरुद्ध हिराबाई प्रकरणात १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच पद्धत सांगितली, न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड यांचा निकाल. हिराबाईंना तिथे चोविसातले सात हिस्से मिळाले.

बाररूम | १४ मार्च, रात्री १०:२०

सह्यकडा यांच्याशी सहमत. दुसरी बाजू हे बोलेल की ती तोंडी कौटुंबिक व्यवस्था होती, आणि अशी व्यवस्था कायद्याला मान्य असते. त्यामुळे जबाब कोणत्या परिस्थितीत झाला हे महत्त्वाचं. एवढी वर्षं गेली, पण सहहिस्सेदाराचा ताबा सगळ्यांसाठी धरला जातो, तुझा हक्क नाही असं उघड सांगून बाहेर काढल्याशिवाय मुदत सुरू होत नाही. यजमानांच्या हिश्श्याचे आकडेही मग बदलतील, मुलांचा जन्माने काही येतो का तेही पाहावं लागेल. कागद घेऊन या, सासूबाईंनाही आणा.

सह्यकडा | १४ मार्च, रात्री १०:३५

जबाबाखाली काय आहे? सही की अंगठा?

ओसरी | १४ मार्च, रात्री १०:५०

डाव्या हाताचा अंगठा.

सासूबाई चौथी शिकल्या आहेत. पासबुकावर सही करतात, रोज सकाळी पोथी वाचतात. मी आत्ताच विचारून आले. म्हणाल्या, सासऱ्यांच्या वर्षश्राद्धानंतर चावडीत गेल्याचं आठवतं, मुलांची नावं लावायची म्हणून नेलं होतं. अंगठा दिल्याचं आठवत नाही.

सह्यकडा | १४ मार्च, रात्री ११:०५

सोमवारी तहसीलच्या अभिलेख कक्षात मूळ जबाबाच्या नकलेचा अर्ज द्या. अर्जावर सही सासूबाईंची घ्या.